तोंडाला स्कार्फ किती दिवस बांधायचा?

आमच्या गटाची बैठक पूर्वी संध्याकाळी सहाला असायची. मग ती साडेपाचला आली, मग पाचला. आता आम्ही दुपारी तीनला बसतो. कुणी ठराव करून वेळ बदलली नाही. पाचनंतर सिंहगड रस्त्यावरून किंवा हडपसरकडून निघालेली बाई कधी पोचेल आणि परत कधी जाईल याचा भरवसा राहिला नाही, म्हणून वेळ आपोआप अलीकडे सरकत गेली. तीनची वेळ झाली तेव्हा नोकरी करणाऱ्या तिघीजणी गळाल्या. म्हणजे शहरातल्या रस्त्यांनी आमच्या बैठकीची वेळ ठरवली, आणि बैठकीला कुणी यायचं, कुणी नाही, हेही ठरवलं. गंमत अशी, की गेल्या कित्येक बैठकांत हिंसाचार, मालमत्तेचा हक्क, रेशन, आरोग्य असे सगळे विषय झाले, पण ज्या गोष्टीमुळे आमच्या तीन मैत्रिणी येईनाशा झाल्या ती कधी विषयपत्रिकेवर आली नाही. ट्रॅफिक हा काय बायकांच्या चळवळीचा प्रश्न आहे?

पाणी हा तरी कुठे होता? मृणालताई गोरेंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले तेव्हा कुठे नळ आणि हंडा यांचा बाईच्या दिवसाशी काय संबंध आहे हे राजकारणाच्या भाषेत बोललं जाऊ लागलं. १९७२ साली मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेला-तांदळाचा भाव हा स्वयंपाकघरातून बाहेर आला. रस्ता मात्र आपण मोर्चा काढण्यापुरताच वापरला. रस्ता कुणाचा, त्यावरून कोण कसं जातं, कुणाचा किती वेळ त्यावर जळतो, हा विचार आपण 'नागरिक मंच' नावाच्या निवृत्त गृहस्थांवर सोपवून मोकळ्या झालो. त्यातल्या काहींनी फार चिकाटीनं काम केलं आहे, हे मी मनापासून सांगते. पुण्यात 'परिसर', 'पीएमपी प्रवासी मंच' यांच्यासारखे गट नसते तर बसची बाजू घेणारं कुणी उरलंच नसतं. पण त्यांच्या बाजूला आपण कितीजणी उभ्या राहिलो?

पुण्यात वाहतूक कोंडीची चर्चा कशी होते ते पाहा. कोंडी म्हटलं की उड्डाणपूल. पूल झाला की पुढच्या चौकात कोंडी, म्हणून पुढचा पूल. विद्यापीठ चौकातला पूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, तोच २०२० साली टाळेबंदीच्या काळात तो पाडला, कारण मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला तो आड येत होता. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात स्फोटकं लावून पाडला, आणि ते बघायला लोकांनी गर्दी केली. आता टेकड्यांतून रस्ते आणि बोगदे काढायचे बेत आहेत. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासारख्या कामांपासून वेताळ टेकडी वाचवायला २०२३ च्या एप्रिलमध्ये मोठा मोर्चा निघाला, त्यात बायका खूप होत्या. हे सगळे उपाय ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. उड्डाणपुलावर बसथांबा नसतो, आणि पायी चालणाऱ्याला तर त्यावर प्रवेशच नसतो. पुलाखालून मात्र रस्ता ओलांडणं पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलं होतं की वाहनं नव्हे, माणसं हलवायची. वाक्य छान आहे. पैसा गेला तो वाहनं हलवण्याकडे.

आता आमच्या गटातल्या एका मावशींचा दिवस सांगते. नाव सांगत नाही, पण अशा मावशी तुमच्याही गटात असतील. त्या चार घरची कामं करतात. सकाळी निघताना नातवाला बालवाडीत सोडायचं, मग बसनं पहिल्या दोन घरी, तिथून चालत तिसरीकडे, दुपारी रेशनच्या दुकानात डोकवायचं, मुलीच्या औषधासाठी दवाखान्यात, पुन्हा बसनं चौथं घर, आणि येताना मंडईतून भाजी. त्यांचा नवरा सकाळी मोटारसायकलीवर कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्याचा प्रवास म्हणजे एक सरळ रेघ. मावशींचा प्रवास म्हणजे रांगोळीसारखा, ठिपक्याठिपक्यांवर थांबत. वाहतुकीची आखणी करणारे लोक सरळ रेघा मोजतात: घर ते कारखाना, घर ते हिंजवडी. ठिपके त्यांच्या नकाशात येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं गेलं की तुम्ही कामाला कशाने जाता. पण तोही प्रश्न शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांनाच होता. जी बाई मोजणाऱ्याच्या वहीत 'काम करत नाही' तिला कुणी विचारलंच नाही. मुलांना शाळेत पोचवणं, सासूला दवाखान्यात नेणं, हा प्रवास नव्हेच!

हे ठिपके का महत्त्वाचे, तर त्यांचा थेट पैशाशी संबंध आहे. प्रत्येक वेळी उतरलं की नवं तिकीट. म्हणून अशा बाईला दिवसभराचा पास हाच आधार असतो. १ जून २०२५ पासून पीएमपीची भाडेवाढ झाली. कमीत कमी तिकीट पाच रुपयांचं दहा झालं. चाळीस रुपयांचा दिवसाचा पास सत्तरला गेला, आणि महिन्याचा नऊशेचा पास पंधराशे झाला. महिन्याला सहाशे रुपये वाढले. बऱ्याच ठिकाणी एका घरची भांडी महिनाभर घासून एवढेच हातात पडतात. म्हणजे मावशींनी एका घरचं काम आता बसचं भाडं भरण्यासाठी करायचं. मावशींनी काय केलं? त्या चालू लागल्या. पहिल्या घरापर्यंत पाऊण तास चालत, म्हणजे पहाटे पाऊण तास आधी उठणं. हा पाऊण तास कुठल्याच अहवालात दिसणार नाही. डिझेल महागलं, पगार वाढले, तोटा वाढला, हे सगळं खरं असेल. पण उड्डाणपुलाला तोटा किती झाला असं कुणी कधी विचारल्याचं ऐकलंय?

याच सरकारनं १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट केलं, आणि त्याचं आपण स्वागत केलं. पण शहराच्या बसला ती सवलत नाही. स्वारगेटहून भोरला एसटीनं गेलात तर अर्धं तिकीट, आणि स्वारगेटहून कात्रजला पीएमपीनं गेलात तर पूर्ण. भोरला आपण महिन्यातून एकदा जातो. कात्रजला रोज. तेजस्विनी नावाच्या खास बायकांच्या बसगाड्या २०१८ च्या महिला दिनी सुरू झाल्या आणि महिन्याच्या आठ तारखेला त्यांतून मोफत प्रवासाची सोय झाली. महिला दिन आठ मार्चला येतो म्हणून दर आठ तारीख! उरलेले एकोणतीस दिवस आपण काय पुरुष असतो?

दिल्लीत २०१९ च्या ऑक्टोबरपासून बायकांना बस मोफत आहे, तामिळनाडूत साध्या बसमध्ये २०२१ पासून, कर्नाटकात आणि तेलंगणात २०२३ पासून. यावर आपल्यातही दोन मतं आहेत. फुकटाची सवय नको, त्यापेक्षा गाड्या वाढवा, असं काहीजणी म्हणतात. दिल्लीतून अशाही तक्रारी आल्या, की थांब्यावर नुसत्या बायका दिसल्या की चालक गाडी थांबवत नाही, कारण त्यांच्याकडून पैसे मिळायचे नाहीत. म्हणजे नुसती सवलत देऊन भागत नाही, गाड्या आणि वागणूक दोन्ही हवं. माझं मत विचाराल तर पुण्यात आधी निम्मं तिकीट मागावं, एसटीच्या न्यायानं, आणि त्याच निवेदनात गाड्यांची संख्या मागावी. ह्या मागण्या वेगळ्या केल्या की एक देऊन दुसरी टाळली जाते.

गाड्या किती हव्यात? लाखाला पन्नास-साठ बस असाव्यात असं साधारण धरलं जातं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेत अठ्ठेचाळीस लाखांच्या वर माणसं होती. पन्नासच धरल्या तरी चोवीसशे गाड्या त्या वेळच्याच लोकसंख्येला लागत होत्या. त्यानंतर २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं पुण्यात आली. २०२५ पर्यंत रोज प्रत्यक्ष रस्त्यावर येणाऱ्या गाड्या मात्र दोन हजारांच्या आतच राहिल्या. मग लोक काय करणार? २०१८ च्या सुमारास बातमी आली की पुण्यात नोंदलेली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली. लोकांना गाड्यांचा षोक आहे असं त्यावर म्हटलं गेलं. षोक असेलही. पण थांब्यावर चाळीस मिनिटं उभी राहिलेली बाई जेव्हा हप्त्यावर दुचाकी घेते तेव्हा तो षोक नसतो.

आणि इथं मला जरा थांबून आपल्याच बाजूचं एक अवघड सत्य बोलायचं आहे. पुण्याच्या बायकांना दुचाकीनं जे दिलं ते बसनं कधीच दिलं नाही. पुणं हे सायकलींचं शहर होतं आणि त्या सायकलींवर शाळा-कॉलेजच्या मुली, शिक्षिका, नर्स असायच्या. १९७२ साली इथल्याच फिरोदियांच्या कारखान्यातून लूना आली, आणि १९८४ नंतर कायनेटिक होंडा. तिला गिअर नव्हता आणि बटण दाबलं की ती सुरू व्हायची, किक मारावी लागत नव्हती. साडी नेसलेल्या बाईला हे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई पुढे बसली. कुणाला न विचारता ती माहेरी जाऊन येऊ लागली, रात्री नवाला बैठक संपवून घरी जाऊ लागली. माझी स्वतःची पहिली दुचाकी मी पीएफमधून उचल घेऊन विकत घेतली, आणि त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कुठल्याही पर्यावरणवाद्यापुढे नाकारणार नाही.

तेव्हा दुचाकी सोडा, चाला, सायकल चालवा असा उपदेश बायकांना करणाऱ्याला मी आधी विचारीन, की रात्री साडेनऊला शेवटची बस चुकली तर तुमचं काय बिघडतं? २००७ आणि २००९ या दोन वर्षांत कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तरुणींना या शहरात भाड्याच्या गाडीत बसल्यावर पळवून नेऊन मारलं गेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत पहाटे गावी जायला निघालेल्या तरुणीवर स्वारगेटच्या आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये बलात्कार झाल्याची फिर्याद दाखल झाली. अशा बातमीनंतर घरोघरी पहिली गोष्ट काय होते? मुलीला गाडी घेऊन देतात, ज्यांना परवडतं ते. ज्यांना परवडत नाही ते तिचा क्लास बंद करतात. भीती ही वाहन विकणारी मोठी शक्ती आहे, आणि अंधारा थांबा हे कोंडीचं एक कारण आहे, हे वाहतूक तज्ज्ञांच्या आकडेमोडीत येत नाही. ते मांडायचं काम आपलं.

पण दुचाकीवर बसून आपण जे मोल देतो तेही मोजू या. पुण्याच्या मुलींचा स्कार्फ देशभर चेष्टेचा विषय झाला आहे. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं गुंडाळलेलं. कुणी म्हणतं ऊन लागू नये म्हणून, कुणी म्हणतं घरच्यांना ओळखू येऊ नये म्हणून. दोन्ही कारणं खरी असतील. तिसरं कारण धूर. आणि धुराच्या बाबतीत तो स्कार्फ जवळजवळ निरुपयोगी आहे. धूळ अडते, पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, सुती कापडाच्या विणीतून सहज आत जातात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, तिथून रक्तात. दमा, हृदयविकार आणि गरोदर बाईच्या मुलाचं कमी वजन यांच्याशी त्यांचा संबंध दिसून आला आहे. या कणांचं वर्षाचं सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेत चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत असावं असा आपला कायदा म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून पाच म्हणते. आपल्या कायद्याप्रमाणे 'चांगली' ठरलेली हवासुद्धा त्यांच्या मापानं आठपट वाईट असू शकते. विजेच्या गाड्या आल्या की हे संपेल असं कुणी सांगितलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका. टायर, ब्रेक आणि रस्त्याची धूळ विजेच्या गाडीलाही आहेच, आणि कोंडीत अडकलेली विजेची गाडीसुद्धा तेवढीच जागा अडवते.

हा धूर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. काच वर करून बसलेला मनुष्य कमी घेतो. सिग्नलला गजरे विकणारी, थांब्यावर तिष्ठणारी आणि पहाटेपासून ढकलगाडी ओढत कचरा गोळा करणारी बाई दिवसभर घेते. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा कचरावेचक बायकांनी ओळखपत्र मागितलं होतं, कामगार म्हणून मान मागितला होता. त्यांच्या गाडीला रस्त्यावर जागा आहे का, हा प्रश्न तसाच आहे. फुटपाथवर चारचाकी उभी, म्हणून त्या रस्त्यावर. रस्त्यावर आल्या की मागून भोंगा. लंडनमध्ये २०१३ साली दम्यानं गेलेल्या एला नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईनं सात वर्षं झगडून २०२० साली मृत्यूच्या कारणांत 'हवेचं प्रदूषण' हे शब्द लिहून घेतले. आपल्याकडे ससूनच्या बाहेर उभ्या असलेल्या किती आयांना असा दाखला मिळेल?

आता मोटारींबद्दल. बसमध्ये साठ माणसं मावतात आणि ती दोन-तीन मोटारींची जागा घेते. एका मोटारीत बहुधा एकच माणूस असतो, आणि पुण्यात तो बहुधा पुरुष असतो. तरीही २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली तेव्हा केवढी ओरड झाली! बसची मार्गिका मोकळी दिसते आणि आम्ही कोंडीत, हा अन्याय. ती मोकळी दिसते कारण साठ माणसं भुर्रकन निघून जातात, हे कुणाला पटवता आलं नाही. बीआरटीच्या चुका होत्याच. मधल्या थांब्यावर पोचायला म्हाताऱ्या बाईनं वाहनांच्या लोंढ्यातून जायचं कसं, याचा विचार सुरुवातीला केलाच नव्हता. पण चूक दुरुस्त करायची असते. नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ साली उखडूनच टाकली. कोट्यवधी रुपये घालून बांधलेली गोष्ट मोटारींना जागा हवी म्हणून काढली, आणि आपल्या एकाही संघटनेनं त्यावर पत्रक काढलं नाही. आमच्याही नाही.

तसंच पार्किंगचं. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेनं रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं धोरण मंजूर केलं आणि गदारोळ झाल्यावर ते बासनात गुंडाळून ठेवलं. गरिबावर बोजा, असं म्हणत विरोध झाला. भाजीवालीनं दोन फूट जागेवर पाटी ठेवली तर अतिक्रमण विभागाची गाडी येते, आणि रात्रंदिवस फुकट उभी असलेली चारचाकी हा मात्र गरिबाचा हक्क! दुचाकीला अगदी नाममात्र घ्या, चारचाकीला चांगले घ्या, आणि ते पैसे बसलाच मिळतील असं लिहून घ्या. स्टॉकहोममध्ये २००६ साली शहरात येणाऱ्या मोटारींवर कर बसवून पाहिला तेव्हा लोक आधी चिडलेले होते. सहा-सात महिन्यांत गाड्या सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी झाल्या, आणि मग मतदानात त्याच शहरानं कर ठेवायचा कौल दिला. पण तिथं कर बसवायच्या आधी जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. आपल्याकडे क्रम उलटा झाला की बाईच भरडली जाईल.

मेट्रोबद्दल मी फार लिहीत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ती सुरू झाली, २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आली, स्वच्छ आहे, उजेड आहे, मुलींना तिच्यात निर्धास्त वाटतं, आणि हे कमी नाही. पण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकासाठी कामगार पुतळा वसाहत उठली आणि तिथली कुटुंबं विमाननगर, हडपसर अशा ठिकाणी पाठवली गेली, हेही विसरू नये. ज्या बाया शिवाजीनगर-डेक्कनच्या घरांत चालत जाऊन काम करत होत्या त्यांना कामासाठी शहर ओलांडायची वेळ आली. घर मिळालं, पण बसचा खर्च आणि दोन तास अंगावर पडले. कोंडी अशीही वाढवली जाते, आणि घर हलवताना तिचा हिशेब कुणी मांडत नाही.

महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०१२ च्या निवडणुकीपासून. मधे २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकांनी कारभार केला. बसचे थांबे कुठे, फुटपाथ किती रुंद, दिवे कुठे, हे सगळं ठरत होतंच. नगरसेविकेला भेटायला जाऊ तेव्हा तिच्या हातात मोघम निवेदन देऊन उपयोग नाही. आम्ही ठरवलं आहे की आपापल्या वस्तीजवळचा एक थांबा घ्यायचा आणि आठवडाभर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास तिथं वही घेऊन उभं राहायचं. किती गाड्या आल्या, किती थांबल्या, किती बायका चढल्या, किती चालत निघून गेल्या, दिवा आहे का, बसायला जागा आहे का, जवळ मुतारी आहे का, थांब्यापर्यंतचा फुटपाथ कुणी अडवला आहे. ज्या गटांना हे करावंसं वाटेल त्यांनी आम्हाला कळवावं, आम्ही रकाने आखलेला कागद पाठवू.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब्यावर उभी राहून मोजीन की. पण ताई, बैठक परत सहाला करणार का? तीनला मला चौथं घर असतं." म्हणजे त्या आजवर ते घर बुडवून येत होत्या, आणि आम्हाला माहीतही नव्हतं.